वाटेत बसणाऱ्या बायडाक्का

आमच्या गेटसमोर रस्त्यावर दोन कुंड्या होत्या. त्यांत झाड नव्हतं, मातीही नव्हती. सिमेंट भरलेलं होतं. परक्या कुणी आमच्या दारात गाडी लावू नये म्हणून माझ्या नवऱ्यानं त्या मुद्दाम भरून घेतल्या होत्या आणि नऊ वर्षं आम्ही त्या जिवापाड जपल्या होत्या. सांगलीतल्या आमच्या कॉलनीत प्रत्येकाच्या दारात असं काही ना काही होतंच. कुणाचे चुना फासलेले दगड, कुणाची गंजलेली स्कूटर. कोपऱ्यावरच्या एकांनी तर घराचं काम काढलं तेव्हा निघालेलं जुनं कमोडच रस्त्यावर मांडून ठेवलं होतं.

एका सकाळी मी शाळेला निघाले तर आमच्या एका कुंडीवर एक म्हातारी बसलेली. नऊवारी लुगडं, हातभर गोंदण, मांडीवर काठी आडवी. दुसरी कुंडी तिनं लोळवत नेऊन भिंतीला टेकवली होती.

"कुंडी का सरकवली?" मी विचारलं.

"वाटंत हुती. मानसं मोटारींच्या मधनं चालल्याती, म्हनून कडंला घेतली."

"आजी, ती जागा आमची आहे."

"तुजी? कागद हाय?"

"कागद आतल्या प्लॉटचा आहे. पण घरासमोरची जागा म्हणजे आपलीच ना?"

तिनं मान वळवून रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतला. "मग माज्या डोळ्याम्होरं हाय ते समदं माजं म्हनायचं. बरं झालं सांगितलंस."

मला उशीर होत होता, म्हणून मी निघून गेले. संध्याकाळी आले तर ती बसली होती ती कुंडीही भिंतीला. नवऱ्यानं दोन्ही पुन्हा रस्त्यात आणल्या. सकाळी पुन्हा भिंतीला. हे महिनाभर चाललं आणि शेवटी नवऱ्याच्या कंबरेनं माघार घेतली.

या बायडाक्का. शेजारच्या बंगल्याचा वरचा मजला भाड्यानं घेतलेल्या संपतरावांच्या आई. संपतराव सरकारी खात्यात इंजिनियर. मूळ गाव म्हसवडच्या पलीकडची एक वाडी, आईबाप मेंढपाळ. आक्कांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. नवरा गेल्यावर मुलानं त्यांना सांगलीला आणलं. सून वैशाली स्वभावानं गरीब होती. घरात पंखा होता, गादी होती, टीव्ही होता. पण आक्कांना घरात करमत नव्हतं. चहा झाला की त्या काठी घेऊन बाहेर पडायच्या आणि कुठंतरी बसायच्या.

कुठंतरी म्हणजे कुठंही. बँकेच्या उतारावर, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, रस्त्याच्या दुभाजकावर. एका जुन्या बसथांब्यावर त्या तासन्‌तास बसायच्या. तिथं कुठलीच बस थांबत नव्हती. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक तेवढा बारा महिने होता. बसण्याआधी त्या जमिनीवर तळवा टेकवून ऊन किती ते बघायच्या, मग वर सावलीकडं बघायच्या, मग "जरा बसू की" असं स्वतःलाच सांगून टेकायच्या. सोबत कुणी असलं तर त्यालाही ओढून बसवायच्या. मी चार लोकांत वावरणारी बाई. माझ्या विद्यार्थ्यांचे आईवडील रस्त्यानं जात-येत असताना मी दुभाजकावर कशी बसणार? पण हात धरला की आक्का सोडत नसत.

त्यांच्या बसण्याला गाव कंटाळलं होतं, यात शंका नाही. औषधवाल्यानं पायरीवर फरशीचे टोकदार तुकडे उभे बसवून घेतले. बँकेच्या शिपायानं उतारावर साखळी लावली. आक्कांनी त्या टोकांवर पोतं टाकलं आणि साखळीच्या अलीकडं बसल्या. संपतरावांना ऑफिसात कुणीतरी सांगायचंच, "साहेब, आज मातोश्री चौकात होत्या." ते घरी येऊन डोक्याला हात लावायचे. वैशाली मला म्हणायची, "बाई, तुमचं ऐकतात त्या, तुम्ही सांगा." माझं त्यांनी काय ऐकलं होतं, देव जाणे.

एकदा मी त्यांना बाजारात नेलं. नेलं म्हणजे त्या रिक्षात येऊन बसल्या. गणपती पेठेत जायचं असलं की मी सकाळपासून पाणी पीत नाही. आमच्या शाळेतल्या सगळ्याच बाया असं करतात. त्याबद्दल कुणी कुणाशी बोलत नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय. आक्का मात्र निघताना तांब्याभर पाणी पिऊन आलेल्या. बाजारात तासाभरानं म्हणाल्या, "मला जाऊन याया पायजे."

मी त्यांना गल्लीतल्या बायकांच्या मुतारीशी नेलं. दाराला कुलूप. मला ते माहीत होतं. ते कायमच असतं. बाहेर फुटक्या टोपल्यांचा ढीग, आणि शेजारी पुरुषांची सोय सताड उघडी. मी म्हणाले, "आक्का, घरीच जाऊ या." त्या तिथंच दारात खाली बसल्या.

"किल्ली कुनाकडं हाय?" त्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायला सुरुवात केली. आवाज रानात हाक मारायचा. अख्ख्या गल्लीला ऐकू जात होता. "आवं, बायकांच्या मुतारीची किल्ली कुनाकडं हाय?"

मी काय केलं ते सांगते. मी समोरच्या कापडदुकानात शिरले आणि नको असलेले टॉवेल बघू लागले. मी त्या म्हातारीबरोबर नाही, असं सगळ्यांना दिसावं म्हणून मी टॉवेलचे रंगही विचारले.

दहा मिनिटांनी एक हार-तोरणं विकणारा माणूस आला. "मावशे, आत माझा माल हाय."

"मग तुजा माल भाईर काढ."

"ठेवू कुठं?"

"शेजारी ठेव. ती मुतारी उघडीच हाय की."

"तितं मानसं जात्यात, मावशे!"

"आन् हितं कोन जातंय? बाया काय मानसं न्हवं?"

तोवर मागं सात-आठ बायका उभ्या राहिल्या होत्या. भाजीवाल्या, एक पोलीस बाई, हातात पिशव्या घेतलेल्या दोघी-तिघी. त्या माणसानं कुलूप काढलं. प्लास्टिकच्या फुलांचे सहा गठ्ठे बाहेर आले. आक्का आत जाऊन आल्या आणि दुकानातल्या माझ्याकडं बघून तिथूनच ओरडल्या, "ए मास्तरीण, ये, जाऊन ये! उघडलंय!"

मी गेले. दुसरा इलाज नव्हता. पाणी प्यायले नव्हते तरी सकाळपासून गेलेच नव्हते. पण परतताना रिक्षात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. त्या सगळी वाट ‘भाईर काढ’ म्हणताना त्या माणसाचं तोंड कसं झालं होतं ते रिक्षावाल्याला सांगत होत्या.

आता त्या बागेचं सांगते.

आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा होती. आराखड्यात ती सगळ्यांसाठी सोडलेली. तिथं एक मोठं करंजाचं झाड होतं. सकाळची धुणीभांडी उरकून दुपारच्या कामाला जाईपर्यंत बाया त्या झाडाखाली डबे खायच्या. आमच्याकडं काम करणारी शांता त्यांतलीच. भाजीवाली टोपली उतरवायची, भंगार गोळा करणारी एक म्हातारी पाय लांब करायची. आक्का त्यांच्यात जाऊन बसायच्या. कुणाच्या डब्यातली भाकरी, कुणाच्या घरची चटणी असं चालायचं.

कॉलनीची कमिटी होती. अध्यक्ष इनामदार साहेब, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी खटपट करून त्या जागेची बाग केली. कुंपण घातलं, हिरवळ लावली, चार बाकडी आणली, लोखंडी गेट बसवलं. चांगलीच झाली बाग, मी खोटं का बोलू? मी कमिटीची चिटणीस. अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडं. गेटवर फलक लागला: ‘हिरवळीवर बसू नये. बागेत डबा खाऊ नये. बाहेरील व्यक्तींस सक्त मनाई.’ रंगाऱ्यानं आधी ‘मणाई’ लिहिलं होतं. मी ते दुरुस्त करून घेतलं. त्या फलकावर माझी हरकत एवढीच होती.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी मला फलकापुढं उभं केलं. "वाच."

मी वाचलं.

"भाईरच्या म्हंजी कोन?"

"जे कॉलनीत राहत नाहीत ते."

"शांता तुज्या घरात भांडी घासती तवा आतली, आन् भाकरी खायाच्या टायमाला भाईरची व्हय?"

"आक्का, नियम मी केलेला नाही."

"लिवलाय कुनी?"

मी घड्याळ बघितलं आणि घरी आले. या बाईशी बोलायचंच नाही, असं मी त्या दिवशी पुन्हा एकदा ठरवलं.

गेटची एकेक किल्ली प्रत्येक घराला दिली होती. आक्कांनी संपतरावांच्या खिळ्यावरची किल्ली घेतली आणि बारा वाजता जाऊन गेट उघडलं. बाया आत आल्या. आक्का गेटाशी काठी घेऊन बसल्या, सगळ्यांचं जेवण झाल्यावर खरकटं उचललं की नाही ते बघितलं, आणि कुलूप लावून घरी आल्या. आठ दिवस हे सुरळीत चाललं. नवव्या दिवशी इनामदारांच्या सुनेनं खिडकीतून बघितलं.

कमिटी बसली. संपतरावांना बोलावून घेतलं. इनामदार साहेब म्हणाले, "प्रश्न आक्कांचा नाही. आज चार बाया, उद्या चाळीस होतील. आपण एवढा जीव लावून केलेली हिरवळ आहे." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. संपतराव खाली बघत होते. भाडेकरू माणूस, काय बोलणार? ठराव झाला: कुलूप बदलायचं. तोही मीच लिहिला.

नव्या कुलपाची किल्ली वैशालीनं लपवून ठेवली. आक्कांनी मागितली नाही. वैशाखाचं ऊन पेटलं होतं. त्या बारा वाजता गेल्या आणि बंद गेटापुढं, रस्त्याच्या मधोमध बसल्या. शांता म्हणाली, "आक्का, नगा, आमी जातो कुठंबी." तरी त्या उठेनात, म्हणून त्या सगळ्या जणी त्यांच्याभोवती बसल्या. डबे उघडले.

शाळेला सुट्टी लागली होती, मी घरीच होते. हॉर्न ऐकू आला म्हणून बाहेर आले. इनामदारांची गाडी उभी. ते खाली उतरले. ते मुळात वाईट नव्हते. हात जोडूनच बोलले.

"आक्का, रस्ता सगळ्यांचा आहे. तो असा अडवता येत नाही."

"समद्यांचा हाय म्हनूनच बसलीया, सायेब. जी बाग समद्यांची हुती, तिला तुमी कुलूप घातलंय."

"अहो, ऊन बघा किती आहे. चक्कर येईल तुम्हाला."

"मला न्हाई येत. तुमी जावा गाडीत."

कुणीतरी संपतरावांना फोन केला. ते ऑफिसातून आले ते हेल्मेटसकट. इतक्या लोकांसमोर त्यांनी आईच्या दंडाला धरलं. "आई, ऊठ. ऊठ म्हंतोय ना! कुठं तोंड दाखवू मी? तुला बसायला घर दिलंय ना मी?"

कुणाचं न ऐकणारी ती बाई मुकाट्यानं उठली. काठी रस्त्यात राहिली. शांतानं ती नंतर नेऊन दिली.

त्यानंतर आक्का दिसेनात. एक दिवस गेला, दोन गेले. गल्ली शांत होती, कुणी कुणाला अडवत नव्हतं, आणि मला त्या शांततेचा राग यायला लागला. चौथ्या दिवशी मी वर गेले. आक्का प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. टीव्ही बंद, आणि त्या टीव्हीकडं बघत होत्या.

"आक्का, चला. जरा बसू बाहेर."

"कुठं?" त्यांनी विचारलं.

मी खिडकीतून खाली गल्लीत बघितलं.

मग त्याच बोलू लागल्या. "आमी मेंढरं घिऊन किस्नाकाठाला यायचो, तवा रानाचं मालक वाटंवर येऊन हुबं ऱ्हायाचं. म्हनायचं, आवं, आमच्या रानात बसा. त्यो वडायचा, ह्यो वडायचा. मेंढरं बसली की लेंडीखतानं रान पिकतं. बसल्यानं जागा खराब हुती, हे मला हितं येऊन कळलं बग." मग म्हणाल्या, "संपाचं चुकलं न्हाई. त्येला नोकरी करायची हाय."

मी घरी आले. मला सगळ्यांचाच संताप आला होता: इनामदारांचा, संपतरावांचा, कुणी बसायला बोलावल्याशिवाय न बसणाऱ्या माझ्यासारख्यांचा, आणि मला या भानगडीत ओढणाऱ्या त्या म्हातारीचाही.

पुढच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर दोन तास चर्चा झाली. इतिवृत्त लिहिताना मी टाकीच्या ठरावाखाली सुवाच्य अक्षरात आणखी एक ठराव लिहिला: ‘झाडांच्या देखभालीसाठी बागेचे गेट दुपारी बारा ते तीन उघडे ठेवण्यात यावे, सदर वेळेत काम करणाऱ्या महिलांना झाडाखाली बसून जेवण करण्यास हरकत नसावी.’ वही फिरली. पोहे आले होते. इनामदार साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली, आणि अध्यक्षांची सही बघून बाकीच्या सहा जणांनी. मास्तरकीच्या अठ्ठावीस वर्षांत मी मुलांना कधी कॉपी करू दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी स्वतः जाऊन गेट उघडलं. इनामदार तरातरा आले. "हे कधी ठरलं?"

"कालच्या मीटिंगला." मी वही पुढं केली. "आपली सही आहे."

त्यांनी चष्मा लावून ठराव दोनदा वाचला. ज्या माणसानं आयुष्यभर सहीला किंमत दिली, तो ‘मी वाचलं नव्हतं’ असं कसं म्हणणार? त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढंच म्हणाले. त्यानंतर वर्षभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत.

मी जवळजवळ पळतच जिना चढून आक्कांना सांगितलं. इतक्या वर्षांत मी एवढं मोठं काही केलं नव्हतं. मला वाटलं, म्हातारी तोंडभरून काहीतरी बोलेल.

आक्कांनी ऐकून घेतलं. काठी उचलली. "तीनलाच का बंद? उनं पाचपतूर असत्याती," म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

पुढं दोन वर्षांनी संपतरावांची साताऱ्याला बदली झाली. सामानाचा टेम्पो गेला. आक्का पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या आणि गाडी निघण्याआधीच त्याच्याशी बोलण्यात गुंगल्या होत्या. मला हात करायचंही त्यांना सुचलं नाही. बागेचं गेट अजून दुपारी उघडतं. त्यावर तक्रारी येतात. मी त्या इतिवृत्तात नोंदवते आणि मग पुढचा विषय घेते. वेळ पाचपर्यंत वाढवायला मला जमलेलं नाही.

सातारा माझं माहेर. तिथं गेले की आक्कांना भेटायचं दर वेळी ठरवायचे आणि दर वेळी राहून जायचं. वहिनी फोनवर सांगायची, "तुमच्या त्या आक्का हल्ली कोर्टाच्या आवारात बसतात म्हणे."

मागच्या दिवाळीनंतर मी साताऱ्याहून सांगलीला परत निघाले होते. स्टँडवरून सुटलेली एसटी पोवई नाक्याला अडकली. तिथं रस्ते चारी बाजूंनी येतात, काही खालून जातात, काही वरून. चालणाऱ्या माणसानं जायचं कुठून हे कुणालाच ठाऊक नसतं. कडेला माणसं गोळा झाली होती: कॉलेजच्या मुली, डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई, लेकराला कडेवर घेतलेला एक बाप, एक आंधळा गृहस्थ. एक पाऊल पुढं टाकत होती आणि दोन मागं घेत होती.

तेवढ्यात त्यांच्यातून एक नऊवारी पुढं झाली. बघता बघता आक्का रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या, आमच्या एसटीच्या तोंडासमोर. त्यांनी हात वर केला नाही, गाड्यांकडं बघितलंसुद्धा नाही. तोंड कडेच्या माणसांकडं होतं आणि त्या एकेकाला बोलवत होत्या. ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून बसला. "काय म्हातारी हाय रं," म्हणाला. मी खिडकीची काच सरकवायला बघितली, ती अडकलेली. "आक्का!" मी आतून ओरडले. हॉर्नच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही.

मुली गेल्या. गाठोडंवाली गेली. बाप लेकराला घेऊन गेला. तो आंधळा गृहस्थ मात्र काठी आपटत सावकाश, अगदी सावकाश येत होता. मागं गाड्यांची रांग लागली होती, सगळेच ओरडत होते. त्याचा पाय पलीकडच्या कडेला लागेपर्यंत आक्का रस्त्यात उभ्या होत्या.